वाईसाकेची लाल थुंकी

वाईसाके रग्बी खेळतो असं आमच्या गावात कुणी म्हणत नसे. तो माणसं मोडायचा, चेंडू आपला निमित्ताला. अशा रेड्याला दम्याने आडवं केलं आणि डॉक्टरीणबाईंनी थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्यावर त्या म्हणाल्या, "मार सोसायला शरीर स्वतःचं हार्मोन बनवतं. गोळ्यांनी ते झोपलेलं असलं, तर एका धडकेत जाशील. आधी सकाळची थुंकी तपासू, मग मैदान."

दवाखान्यात थुंकी तपासणारा आपाकुकी म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ, आणि दाजींची टर उडवणं हा फिजीत मेव्हण्याचा हक्कच. थुंकी टिपायला वाईसाकेने चघळलेला कापूस त्याने उजेडात धरला. लालभडक!

"दाजी, थुंकी मागितली होती, खाटकाचं दुकान नव्हे. रक्तात ते हार्मोन थुंकीपेक्षा जास्त असतं. आकडा खोटा फुगेल आणि तुम्ही खरे मराल."

"माझं रक्त नाही ते," वाईसाके गुरगुरला. "शनिवारच्या सामन्यात समोर खेळणाऱ्या सेरूच्या कानाचं आहे. येताना नदीवर भेटला."

"मग शनिवारी सेरूलाच खेळवू तुमच्या जागी? तोंड स्वच्छ ठेवून या, नाहीतर बसा घरी कसाव्याचे कंद सोलत."

दुसऱ्या दिवशी कानाला पट्टी बांधलेल्या सेरूने भर बाजारात वाईसाकेच्या नडगीवर लाथ घातली, वर आईचा उद्धार केला. वाईसाके जन्मात पहिल्यांदा मार खाऊन गुमान घरी गेला. बायकोने घाबरून कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पुढचा कापूस पांढराशुभ्र निघाला. हार्मोन टक्क जागं होतं.

शनिवारी पहिल्याच झटापटीत सेरूचा दुसरा कान गेला.