नवरात्रातली फवारणी

आमच्या ह्यांचा देवीवर जीव आहे. मी त्याला भक्ती म्हणत नाही, कारण भक्ती माझ्याकडेही आहे आणि ती फार व्यवहारी आहे. पोराला नोकरी लाग, तुझी ओटी भरते, अशी. ह्यांना काही मागायचंच नसतं. सकाळी आंघोळ झाली की देवघरापुढे बसून आधी तिला रात्रीच्या पावसाचं सांगतील, गाय आटली ते सांगतील, मग मला चहा मागतील. वावरात तण निंदताना तोंडातल्या तोंडात बोलणं चालू असतं तेही तिच्याशीच. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला याचा रागच यायचा. 'मलेही कधी एवढं सांगत जा,' मी म्हणायचे. हे नुसते हसायचे.

नवरात्रात हे चप्पल घालत नाहीत. आमच्याकडे बरेच जण पाळतात ते. दिवसभर पाण्यावर राहायचं, संध्याकाळी आरती झाली की थोडी भगर खायची. बोरी अरबच्या बाजारात गेले तरी अनवाणी. एवढ्याने काही बिघडत नाही. पण कपाशीवरची बोंडअळीही नेमकी त्याच दिवसांत येते, फवारणीला माणूस मिळत नाही, आणि मग हे पाठीवर पंप घेऊन उपाशीपोटी, उघड्या पायांनी वावरात शिरतात.

दोन वर्षांपूर्वी असेच शिरले. दुपारी घरी आले ते भिंतीला धरून. घामाने सदरा भिजून निघालेला, तोंडातून लाळ गळत होती. 'अंधार काहून केला व?' म्हणाले. बाहेर रखरखीत ऊन होतं.

दारव्ह्याच्या दवाखान्यातून यवतमाळला पाठवलं. तिथे वार्डात ह्यांच्यासारखे आणखीही होते, सगळे फवारणीवाले. हे अंगावरच्या नळ्या ओढू लागले म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले. शुद्ध नव्हती, पण दोन्ही हात एकमेकांकडे ओढले जात होते. नर्सला वाटलं, सोडवून घेताहेत. मला कळलं, ते हात जोडायला पाहत होते. तेव्हा मला देवीची भीती वाटली, खरीखुरी. तुला एवढा एकच सापडला का, असं मी तिला मनातल्या मनात विचारलं.

हे वाचले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'पायाला भेगा आहेत, त्यातून फवारणीचं औषध आत गेलं. त्यात पोट रिकामं. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही.' गावात मात्र जो तो येऊन म्हणत होता, देव तारी त्याला कोण मारी. त्या एका म्हणीने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं अळीनेही केलं नसेल. हे मान डोलवायचे. मागच्या साली बोंडं धरायच्या वेळी पाऊस लागून राहिला, फवारणी टळली, आणि मी सुटले असं मला वाटलं.

यंदा अळी घट बसायच्या तोंडावरच आली. हे पंप धुऊन ठेवायला लागले तशी माझी झोप गेली. दारव्ह्याहून मी गमबूट आणले. घालतील कशाला? भांडून पाहिलं, पोराकडून फोन करवला. 'वावर तिचंच हाय. तिच्या घरात कोणी जोडे घालून जाते काय?' एवढंच उत्तर.

मग काल मी नको ते केलं. घटापुढे, माळेच्या अगदी खाली, बूट नेऊन ठेवले आणि त्यांवर हळदकुंकू वाहिलं. देवघरात जोडे! माझी आई असती तर तिने माझं तोंड पाहिलं नसतं. हे आले, उभे राहिले. मी म्हटलं, 'प्रसाद हाय तिचा. नाही म्हणत असान तर तिलेच म्हणा.' ह्यांनी दोन्ही हातांनी बूट उचलले, कपाळाला लावले आणि वावराकडे निघाले.

माझा जीव भांड्यात पडला होता. तासाभराने पाणी घेऊन गेले, तर वावराच्या कडेला धुऱ्यावर बूट दिसले. देवळाबाहेर काढतात तसे शेजारी शेजारी, नीट. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्याही वर गेली होती. माणूस दिसत नव्हता, नुसता पंपाचा आवाज येत होता.

मी बूट उचलले आणि आत शिरले. पानं ओली होती. वासाने घसा धरला. हे मला पाहून घाबरलेच. 'तू कायले आली अंदर? औषधी हाय, जाय बाहेर.'

'तुम्ही बूट घालेपर्यंत मी इथून हालत नाही.'

फवाऱ्याचा दट्ट्या तसाच धरून हे उभे राहिले. माझ्या पायाकडे पाहिलं, ओल्या लुगड्याकडे पाहिलं. मग पंप बंद केला, बाहेर येऊन पाय धुतले आणि धुऱ्यावर बसून बूट घातले. घालताना रडत होते. इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मी तोंड फिरवलं नाही.

संध्याकाळी आरतीला हे कान धरून बराच वेळ उभे होते. आज सकाळी पंप भरून अनवाणीच निघाले. मी बूट हातात घेऊन मागोमाग निघाले.