दोन दातांची राखण

बायकोच्या जबड्यात दोन स्क्रू बसवून आम्ही धाराशिवहून बेंबळीला परत निघालो, तेव्हा मला एसटीत धड बसवत नव्हतं. पिशवीत मऊ ब्रश होता, औषधी पाण्याची बाटली होती, आणि बाटली धुवायच्या ब्रशासारखेच, पण काडेपेटीतल्या काडीएवढे चिमुकले ब्रश होते. दर थांब्याला मी ते काढून बघत होतो. बायको गालाला बर्फ धरून बसली होती. बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं मला नुसता चिमटा काढला.

तिचे पुढचे दोन दात मी पाडले होते. सहा वर्षांपूर्वी ती मागं बसलेली असताना मी एका हातानं फोन कानाला लावून मोटारसायकल चालवत होतो. गावाजवळचा गतिरोधक दिसलाच नाही. मला खरचटलं, तिचे दात गेले. त्याबद्दल तिनं मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं. काढती-घालती कवळी तिला टोचायची, म्हणून ती डबीतच पडून असायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हाडानं स्क्रू धरले की तीन महिन्यांनी वर पक्के दात बसवू. नाही धरले तर काढावे लागतील. ते तीन महिने राखण करायची ती मीच, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तिला अंगणात उजेडाला खुर्चीवर बसवायचं, मिठाचं कोमट पाणी द्यायचं, जोरात चूळ भरू नको, नुसतं फिरवून सोड, म्हणून बजावायचं. मग मोबाइलची बॅटरी लावून हिरडीतून डोकावणाऱ्या, स्क्रूंवरच्या दोन चकचकीत टोप्या मी मऊ ब्रशानं अलगद पुसायचो. शेजारी राहणारी तिची जाऊ भिंतीवरून बघायची.

"बया, नवरा दात घासून द्यायलाय. पाय बी चेपून घे की लगेहात."

मला जराही लाज वाटत नव्हती. इतका मी तिच्या उपयोगी आजवर कधी पडलो नव्हतो.

बाराव्या दिवशी उजव्या टोपीभोवती काळी रेघ दिसली. हिरडी लालभडक, सुजलेली.

"दुखतंय का गं?"

"जरा ठणकतंय. तुमी गेल्यावर म्या परत घासते की, मिश्रीनं. बाई म्हनल्या न्हवं, लई स्वच्छ ठेवा म्हनून."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी ती बोटानं हिरड्यांना लावतात. तिला कुणी तंबाखू म्हणत नाही, दात घासणंच म्हणतात. दवाखान्यातल्या कागदावर 'तंबाखू घेता का' असा प्रश्न होता. बायकोनं अगदी खरेपणानं सांगितलं, "छ्या, तसलं काय न्हाय." कागद मी भरत होतो, आणि मला माहीत होतं. पेन थांबलं माझं. पण आधी मिश्री सोडा, मग बघू, असं म्हणून डॉक्टरीणबाई काम पुढं ढकलतील, अशी भीती वाटली आणि मी 'नाही' लिहिलं. मला माझं ओझं लवकर उतरवायचं होतं. तिच्या दातांचा विचार त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. आणि आता मीच घासून देतोय म्हटल्यावर मिश्री सुटलीच, असं मी धरून चाललो होतो.

मिळेल त्या एसटीनं धाराशिव गाठलं आणि हे सगळं डॉक्टरीणबाईंपुढं जसंच्या तसं सांगितलं. बायको माझ्याकडं वळली.

"तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आन म्या येडी रोज रगडायले."

"भांडण घरी करा," डॉक्टरीणबाई हिरडी साफ करता करता म्हणाल्या. "मावशी, मिश्री तंबाखूच असते. तिच्यानं जखम भरत नाही, हाड धरत नाही. आजपासून बंद. आणि काका, मला खरं कळलं असतं तर आपण आधी ती सोडवली असती."

घरी येताच तिनं मिश्रीची डबी चुलीत उपडी केली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही, तोंड मात्र रोज सकाळी उघडत होती. मिश्रीवाचून तिचं डोकं दुखायचं, काम सुचायचं नाही. बोलायला लागल्यावर आम्ही रोज ज्वारीच्या बांधानं चक्कर मारायला लागलो. आठवड्याभरात सूज उतरली. मला इतका आनंद झाला, की मी भिंतीवरून जावेला हाक मारली.

"वहिनी, गुलाबी झाली बघा."

"काय?"

"हिरडी."

जावेनं पदराआड हसून घेतलं.

तीन महिन्यांनी एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही पक्के धरलेत." मी असा उठलो की स्टूल पडलं. पुढच्या फेरीला दात बसले. दोन वेळा ब्रश, फटींत छोटा ब्रश, सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, मी सगळं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅटरी लावली, तर तिनं ब्रश काढून घेतला.

"सरा. माझं म्या करते."

आरशापुढं बराच वेळ ती घासत होती. मग तोंड उघडून माझ्यापुढं उभी राहिली.

"बघा, राहिलंय का कुठं?"

ती इतकी खुशीत होती की छान झालंय म्हणून मोकळं व्हावं, असं वाटलं. मी नीट वाकून बघितलं.

"डाव्या दाताच्या मागं राहिलंय."

"उगं कायतरी."

"खरं सांगतोय."

तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि ब्रश पुन्हा भिजवला.