शाडू आणि लाल माती

आमच्या डोंबिवलीच्या घरी गणपती मीच करत असे. शाडूचा, हातभर उंच. डोळे रंगवून झाले की सासूबाई म्हणायच्या, "हिच्या हातात कला आहे हो." दीड दिवसांनी ती कला खाडीत जाई. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. मग, एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर, धाकटी जाऊ घरात आली.

ती माणसांचे चेहरे करी. कुरकुरणारी भांडीवाली, जांभई देणारे मामंजी. कल्याणच्या कुंभाराकडून लाल माती आणायची, डोकं घडवायचं, आतून कोरून पोकळ करायचं आणि त्याच्याच भट्टीत भाजून घ्यायचं. कधी गोवऱ्यांवर भाताचं तूस पसरून बघ, कधी धूर कोंडून माती काळी पडते का ते बघ, असे तिचे उद्योग. आणि भाजलेले ते चेहरे बाहेरच्या खोलीत फळीवर कायमचे बसले. येणारा-जाणारा विचारी, "हे कोणी केलं?" मी चहाचा ट्रे घेऊन उभी. अंगाचा नुसता तिळपापड होई.

शेवटी मीही सासूबाईंचा चेहरा केला. शाडूचाच, हाताला तीच सवय. धाकटी म्हणाली, "वहिनी, शाडू आगीत टिकायचा नाही. माझी माती घ्या ना." मला वाटलं, माझं काही फळीवर आलेलं हिला नको आहे. मी हट्टानं तोच कुंभाराकडे नेला. तिचं नवं डोकं फडक्यात बांधलेलं होतं. तिनं ते दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. दोन्ही एकदमच भट्टीत गेली. तिच्या डोक्याला तडा जाऊ दे, असं मी देवाला मनापासून सांगितलं.

दोन दिवसांनी आम्ही दोघी पुन्हा गेलो. कुंभारानं राख बाजूला सारली. माझ्या सासूबाईंचा भुगा झाला होता. धाकटीचं डोकं मात्र अखंड निघालं. एक गाल धुरानं काळवंडलेला, ओठ आवळलेले, नजर तिरकी, आत काहीतरी सलत असल्यासारखी.

ती मी होते. त्या फळीकडे बघताना मी कशी दिसते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिला होतं.

"रागावलात का, वहिनी?" तिनं हळूच विचारलं.

"नाक मोठं झालंय," मी म्हणाले.

नाक बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. कुठे जरा जरी चुकलं असतं, तर मी तिला तिथल्या तिथे माफ केलं असतं.