काकूंचा कढीपत्ता

पुंडलिकनगर, भाड्याची खोली अन् कॉलेजचं पहिलं वर्ष म्हणलं की तुमाला वाटणार, आता ह्याचं प्रेमप्रकरण निघणार. निघणार, पण कढीपत्त्याचं. अजूनबी कुठं फोडणीत कढीपत्ता तडतडला की मला घरमालकीण काकूंचं तेलाच्या डब्यात लावलेलं ते झाड आठवतं. पंधरा दिवस लेकीकडं पैठणला जाताना काकूंनी घराची चावी माझ्या हातात दिली अन् म्हणल्या, "माझ्या नकला नंतर कर, आधी झाडाला पाणी घाल. मेलं तर तुझी खोली गेली समज." अन् थंडी अशी पडली, की चार दिवसात सगळी पानं पिवळी होऊन गळाली, नुसती काडी उरली. मी डबा दिवसा गच्चीवर उन्हात ठेवायचो, संध्याकाळी खोलीत आणायचो, काकूंचाच आवाज काढून त्याला दम द्यायचो, "ऊठ की रं, किती लोळतोस!" शेवटी भाजीवाल्या मावशी म्हणल्या, "लेकरा, आंबट ताक घाल, लई गुण येतो." काकूंच्या फ्रिजात वाटीत आंबट दही सापडलं, ते घुसळून सगळं झाडाच्या बुडाशी ओतलं. आठवड्याभरात काडीला पोपटी कोंब फुटले. काकू आल्या, कोंबांवरून बोट फिरवत हसल्या, मला चहा करते म्हणून आलं काढायला फ्रिज उघडला अन् तिथूनच ओरडल्या, "मुडद्या, ते विरजण होतं! सासूबाईंपासून चालत आलेलं, कधी मोडलं नव्हतं. आता ह्या थंडीत दही कशानं लावू, तुझ्या कोंबानं?"