बालवाडीतला कापूस

संग्रामपूरकडच्या एका खेड्यात मी बालवाडीची बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि मीही. खामगावच्या जिनिंगमध्ये माझी आई कापूस निवडायची. मला ती सोबत न्यायची, कारण मला ठेवायला जागा नव्हती. म्हणून बालवाडी ही माझ्यासाठी नुसती नोकरी नव्हती.

ग्रामपंचायतीच्या एका खोलीत आमची बालवाडी भरे. दुधाच्या भुकटीचं पोतं सरकारकडून यायचं. आमची मदतनीस मावशी चुलीवर पाणी तापवून दूध कालवायची. मजुरांची पोरं घरून पितळी घेऊन येत आणि ती चाटूनपुसून लख्ख करीत. कित्येकांचं दुपारपर्यंत तेवढंच खाणं.

कापसाची वेचणी लागली, आणि एका सकाळी येऊन पाहते तो खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. गावचे पाटीलच सरपंच होते, कापूस त्यांचाच. भाव चढेपर्यंत तो तिथं राहणार होता. आमची पाटी, खेळणी, चटया बाहेर फेकलेल्या.

मी त्यांच्या ओसरीवर गेले. "पाटील, पोरं कुठं बसवू?"

"लिंबाखाली बसवा न बाई. सावली हाय, हवा हाय."

"आणि पाऊस आला तर?"

ते हसले. "कापूस भिजला त मातेरं होते. पोट्टे काय, भिजले त वाळतात."

ओसरीवरची माणसंही हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं, आणि अजून माझ्या कपाळाची शीर उडते.

आम्ही लिंबाखाली बसू लागलो. धूळ, कुत्री, रस्त्यानं जाणारी जनावरं. एक दिवस मावशी दूध वाटायला बसली होती, तेवढ्यात पाटलांची कापसाची गाडी खोलीकडे वळली. बैलाचा पाय पातेल्याला लागला. सगळं दूध मातीत. मी गाडीवानावर ओरडत होते, आणि मागं वळून पाहिलं तर पोरं ओणवी होऊन त्या ओल्या मातीला बोटं लावत होती. बोटं तोंडात घालत होती. एक चिमुकली तर पालथी पडून जिभेनं चाटत होती. मी तिला उचललं तेव्हा तिच्या ओठांना चिखल होता, आणि ती मलाच मारत होती, सोड म्हणून.

संध्याकाळी मी मजुरांच्या वस्तीत गेले. आया वावरातून नुकत्याच आलेल्या. मी घडलेलं सांगितलं. त्या चिमुकलीची आई म्हणाली, "बाई, त्याच्याच वावरात रोजी हाय आमची. भांडून खाऊ काय?"

"भांडू नका," मी म्हटलं. "कामावर जा. फक्त पोरं घेऊन जा. उद्यापासून मी लिंबाखाली कुणाला बसवणार नाही."

त्याच वस्तीत राहणारी आमची मावशी चुलीपुढूनच म्हणाली, "हाव. नेऊन त पाहा."

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं पाटलांच्या पऱ्हाटीत. कुणी रडतंय, कुणी वेचलेल्या कापसावर लोळतंय, कुणी बोंडं तोडून फेकतंय. आया चार झाडं वेचून पोरामागं धावत. दूध मी तिथंच नेलं आणि पाटलांच्या बांधावर वाटलं.

दोनेक दिवसांत पाटील स्वतः आले. "बाई, हे काऊन करून राह्यल्या तुमी? अर्धी वेचणी होऊन नाही राह्यली."

"पोरांना ठेवायला जागा नाही, पाटील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरात चोरी केली होती. पण रात्र व्हायच्या आत खोली रिकामी झाली. आम्ही सरकी झाडून काढली, सारवलं आणि बसलो.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. कुणाच्या शब्दावरून, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. माझ्या जागी बाई आली नाही, म्हणून बालवाडीला कुलूप लागलं. तालुक्याला जाऊन मी विचारलं, तेव्हा साहेब चहा पीत म्हणाले, "तुम्ही फार तापट आहात, बाई. गावाशी जुळवून घ्यायला शिका."

गाव म्हणजे कोण, हे मी त्यांना विचारलं. मातीतलं दूध चाटणारी पोर त्या गावात धरता की नाही, हेही विचारलं. त्यांनी शिपायाला हाक मारून मला बाहेरचा रस्ता दाखवला.