दाजींचा पोशाख

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. माझ्या बायकोपाशी, सुनंदापाशी तर नाहीच — आणि सगळ्यात आधी तिलाच सांगायला हवं होतं.

आधी पोशाख म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? अंगावर घालतात तो. पण आमच्या सोलापूरकडं लग्नात पोशाख घालत नाहीत, पोशाख करतात. धोतर, सदरा, उपरणं, फेटा — एवढं सगळं दिलं की तो पूर्ण पोशाख, आणि तो घरातल्या मानाच्या माणसाला. बाकीच्यांची टॉवेल-टोपीवर बोळवण. कोण आपला आणि कोण नुसता ओळखीचा, हे पिशवी उघडली की कळतं.

माझ्या मुलीच्या लग्नात हा मान होता मोहोळच्या दाजींचा — माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या यजमानांचा. वडील गेल्यावर मी त्यांच्याच घरी राहून शिकलो. सुनंदानं त्यांचं धोतर स्वतः निवडलं, पिशवी भरली, वर नावाची चिठ्ठी लावली.

आणि ऐनवेळी मंगल कार्यालयात आमचे ऑफिसातले साहेब आले. येतील असं वाटलंच नव्हतं. शेजारी पुण्याचे व्याही उभे. त्यांच्यादेखत साहेबांना टॉवेल-टोपी कशी द्यायची? मी खोलीत गेलो, दाजींच्या पिशवीवरची चिठ्ठी काढली आणि टॉवेल-टोपीच्या एका पिशवीवर लावली; दाजींचा पोशाख साहेबांना गेला. साहेबांनी जन्मात धोतर नेसलं नसेल. पण साहेबांचा मान, तेवढंच कारण होतं का? नाही. दाजी फेटा बांधून, तंबाखू मळत व्याह्यांशेजारी जाऊन बसतील — याची मला लाज वाटत होती. ज्यांच्या घरचं खाऊन मोठा झालो, त्यांची लाज.

माइकवर नाव पुकारलं. दाजींनी पिशवी उघडून पाहिली आणि टोपी तशीच हातात धरून ते खुर्चीत बसले. अक्का मला शोधत खोलीत आली.

"आरं, तुज्या दाजीला टावेल-टोपी? तूच केलंस व्हय ह्ये?"

मी म्हणालो, "पिशव्या सुनंदानं भरल्या, अक्का."

एवढंच. शब्दशः खरंही — म्हणूनच इतकं नीच. अक्का न जेवता गेली आणि पुन्हा तिनं सुनंदाचं तोंड पाहिलं नाही. सुनंदा मला विचारायची, "मी तर फुल पोशाखच भरला होता की, मग?" आणि मी — मी काय म्हणावं? "गडबडीत तुझ्याच हातून झालं असेल." हे इतक्यांदा म्हणालो, की शेवटी तिला ते खरं वाटायला लागलं. रोज सकाळी तिच्या हातचा चहा घेतो आणि सांगत नाही. माझ्यासारख्या माणसाचं करायचं काय?

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला शेवटची साडी माहेरची लागते. सुनंदानं हिरवं इरकल घेतलं. मोहोळला अंगणात ती साडी घेऊन पुढं झाली, तसे दाजी मला म्हणाले, "सुनंदाच्या हातचं नगं. तुजी अक्का तसं सांगून गेलीया."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. अक्का ऐकणार नव्हती, पण दाजी समोर होते. सुनंदानं साडी माझ्याकडं दिली. मी ती अक्काच्या अंगावर घातली. दाजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला — माझ्या. सुनंदा फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "त्यांचं तरी काय चुकलं? चूक माझ्याच हातून झाली होती."

मी गाडी चालवत राहिलो.