अठरा पौंडांची रॅकेट

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बॅडमिंटनच्या रॅकेटना तारा ओढून देतात. स्टेडियमच्या जिन्याखालच्या खोलीत त्यांचं मशीन आहे आणि एकोणीस वर्षं ते त्यासमोर मान खाली घालून उभे आहेत. तारेवर टिचकी मारली की ती किती पौंडांवर ताणली आहे, हे ते नुसत्या आवाजावरून सांगतात. माणसांच्या बाबतीत मात्र कान ठार बहिरे.

त्यांना एकच मुलगी, अकरा वर्षांची. तिच्यावर आपण कधी हात उगारला नाही, असं ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. खरं आहे. सामना हरली की ते फक्त तिच्याशी बोलायचे नाहीत. एक दिवस, दोन दिवस, एकदा तर सबंध आठवडा. पोर समोर बसलेली असताना बहिणीला विचारायचे, "ती जेवणार आहे का?" मग पोर मोरीत जाऊन स्वतःचंच मनगट चावायची. दातांचे वळ मी पाहिलेत. मी त्यांच्याच घरी राहणारी मावशी असून "अगं, बाबांचा जीव आहे तुझ्यावर" असलं काहीतरी बरळायचे. आता लाज वाटते.

वळ तिच्या कोचबाईंनीही पाहिले. त्यांनी भाऊजींना बोलावून चांगलंच सुनावलं, "दोन महिने हिला नुसतं खेळू द्या. गुण मोजायचे नाहीत. जमणार नसेल तर दुसरा कोच शोधा."

भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण गडी कामाला लागला आणि धंद्यातलीच युक्ती काढली. तिची सामन्याची रॅकेट सव्वीस पौंडांवर ताणलेली असे. त्यांनी एका जुन्या रॅकेटला अठरावर ढिली तार ओढली. ढिल्या तारेवरून शटल लांब उडतं, पण हवं तिथे पडत नाही. "नेमच धरता येणार नाही, तर जिंकायचं सुचेल कुठून?" मला डोळा मिचकावून म्हणाले.

आणि जमलं हो! इमारतीमागच्या बोळात ती आणि शेजारची ढब्बू खेळायला लागल्या. ढब्बू म्हणजे शटल नाकावर आपटलं तरी खिदळणारी धांदरट पोरगी. पहिले आठ दिवस आमची भाची मनातल्या मनात मोजायची. ओठ हलताना दिसायचे. मग तेही थांबलं. एकदा शटल कुणाच्या वाळत्या चादरीत अडकलं, तर दोघी हसून हसून फरशीवर लोळल्या. भाऊजी खिडकीतून बघत होते. डोळे पुसले त्यांनी. मला वाटलं, सुटली पोर.

दोन महिने संपले आणि निवड स्पर्धा आली. भाची ढिलीच रॅकेट घेऊन गेली. कुणाला विचारलं नाही. तिला ती आवडायला लागली होती, एवढंच. शटल सारखं रेषेबाहेर. दुसऱ्याच फेरीत हरली आणि जिंकलेल्या मुलीच्या गळ्यात हात टाकून, घामाघूम, हसत बाहेर आली.

"बाबा, शेवटची रॅली पाहिलीत? केवढी लांब चालली!"

भाऊजींनी तिच्या हातातून रॅकेट घेतली, खिशातला कटर काढला आणि तिच्या डोळ्यांदेखत एकेक तार कापली. दुसरी मुलगी हळूच सटकली. मी पाण्याची बाटली धरून तिथेच उभी होते. "अहो, तार तुम्हीच ओढली होतीत ना?" एवढं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी दुपारी बोळातून ढब्बूचं रडणं ऐकू आलं म्हणून मी वाकून पाहिलं. भाचीने सव्वीसची रॅकेट काढली होती.

"बास ना गं, हात दुखतोय माझा," ढब्बू म्हणत होती.

"उचल. अजून चार राहिलेत."

शटल पोटावर, छातीवर, शेवटी तोंडावर. चार होईपर्यंत तिने सोडलं नाही. मग वर आली आणि चपला न काढताच ताटावर बसलेल्या भाऊजींसमोर उभी राहिली.

"एकवीस-शून्य," म्हणाली.

भाऊजींनी मान वर केली. "हात धुऊन ये," ते म्हणाले, "माझ्याजवळ बस जेवायला."

खाली ढब्बू अजून रडत होती. भाची बापाला चिकटून बसली आणि पोटभर जेवली.